खाडीतली पेरणी

उधाणाची सुकती लागली की वाडीतल्या बायका गाऊनवर घोवाचे जुने शर्ट चढवून, डोक्याला टॉवेल बांधून खाडीत उतरत. त्यात सगळ्यांत पुढे असे एस्पेरांसा. वाडीत तिला पेरांसबाय म्हणत. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, आणि आवाज असा की बोलली की पलतडच्या, खाडीपलीकडच्या काठावरचे बगळे उठत.

वाडीसमोर, खाडीच्या मध्यापर्यंत गेलेला वाळूचा लांबट उंचवटा होता. भरतीला तो पाण्याखाली जाई, सुकतीला पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा वर येई. त्याला सगळे 'पाठ' म्हणत. पाठीच्या दोन्ही अंगांना गुडघाभर पाण्यात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, मिळत. एस्पेरांसा वाकत नसे. उभ्याउभ्या टाच वाळूत फिरवायची, बोटांना काही टणक लागलं की आंगठ्यानं उकरायची, मग एकदाच खाली हात घालून ओंजळभर शिंपले उचलून पाटीत टाकायची. ओहोटी सरेपर्यंत पाटी भरे. एका शिंपीत मांस ठेवून केलेल्या एकशिपीच्या कालवणापुरत्या घरी ठेवून बाकीच्या मालवणच्या बाजारात जात. वाडीतल्या सगळ्याच बायकांचं असं चाले, त्यांच्या सासवांचंही असंच चालत आलं होतं.

तिचा नवरा मॅन्युएल ऐन उमेदीत ट्रॉलरवर होता, नंतर स्वतःची होडी घेऊन खाडीच्या मुखाशी जाळी मारू लागला. पण गेल्या दोन-तीन वर्षांत मासळीनं पाठ फिरवली होती आणि होडीचं इंजिन दर पंधरवड्याला रुसायचं. अशात दिवाळीनंतर धनेश आला. धनेश वरच्या वाडीतला, गणपतचा मुलगा. गणपत आणि मॅन्युएल एकाच ट्रॉलरवर होते. धनेशनं हातपाटीनं वाळू काढायचा परवाना मिळवला, काठावर जेसीबी लावून रॅम्प केला आणि वाडीतल्या होडीवाल्यांना बोलावलं. मशीन नाही, पंप नाही, पूर्वीसारखं बुडी मारून वाळू काढायची. शिवाय काम घराजवळ. मॅन्युएल पहिल्याच दिवशी होडी घेऊन गेला. शेजारच्या यशोदेचा नवरा शंकरही गेला.

कामाची रीत अशी. पाण्यात लांब बांबू रोवायचा. पाटी घेऊन बांबूला धरून तळाशी जायचं, पायांनी आणि हातांनी वाळू पाटीत लोटायची, दोरीला हिसका द्यायचा. वर होडीत उभा असलेला गडी पाटी ओढून घेई. मॅन्युएल बुडी मारायला तरबेज होता. पण चार पाट्यांनंतर त्याचे डोळे लालभडक होत, आणि संध्याकाळी कान असे ठणकत की तो मान वाकडी करून बसे.

"आडवो हो," एस्पेरांसा म्हणायची आणि लसूण घालून कढवलेलं खोबरेल कापसाच्या बोळ्यानं त्याच्या कानात पिळायची.

"हळू गो! भाजतला."

"भाजांदे. भुतूर काय रवलाहा भाजूक? सगळी वाळूच आसतली."

"खालची वाळू कशी आसता सांगू तुका? साखरेसारखी. हातात घेतलंय की सळसळ सळसळ करता."

"मग घाल उद्याच्या चायत."

मॅन्युएल हसे आणि तेल ओघळून मानेवर येई. तो खूश होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रोज दुपारी जेवायला घरी येत होता. पडवीच्या छपरावरचे फुटके नळे, म्हणजे कौलं, काढून नवीन घातले होते. गोव्यात कामाला असलेल्या त्यांच्या मुलीचा, ट्रिशाचा फोन आला की तो स्पीकरवर टाकून, तिचं काही धड ऐकू येत नसताना, "बरा आसा, सगळा बरा आसा" म्हणत राही.

सगळंच बरं नव्हतं. रॅम्पवरनं डंपर सुटले की वाडीतल्या भांड्यांवर धुळीचा थर बसे. काठावरचे लक्ष्मीकाकूंचे दोन माड मुळासकट खाडीत आडवे झाले आणि काकू आपलेच नारळ होडीतून काढून आणू लागल्या. पौषात एस्पेरांसाच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. चहा प्यायला आलेल्या यशोदेनं घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"पेरांसबाय, चायत मीठ घातलंस गो?"

"मीया कशाक घालू? खाडी येवन घालून जाता."

दोघी हसल्या. यशोदेनं चहा संपवला, पण त्या दिवसापासून ती शेजारधर्म म्हणून आपल्या घरची कळशी भरून आणून ठेवू लागली.

जानेवारीतली पौर्णिमेची सुकती. पाणी खूप मागे गेलं होतं, आणि बायका पाठीवर पोचल्या तेव्हा ऊन नुकतं कोवळं होतं. एस्पेरांसाची टाच फिरत होती, पण वाळूत नुसती वाळूच. बराच वेळ फिरून पाटीच्या तळाशी जेमतेम एक थर झाला. लक्ष्मीकाकू पुटपुटल्या, "पाठ सुकली गो, पाठ सुकली."

यशोदा पाठीच्या बाहेरच्या अंगाला गेली होती. यशोदा उंचीनं बेताची. एवढी की होडीत बसली की बाहेरून फक्त टॉवेल दिसायचा. ती काहीतरी बोलत होती, बहुतेक सुनेबद्दल, आणि बोलता बोलता गप्प झाली. एस्पेरांसानं मान वळवली तर यशोदा नव्हतीच. पाण्यावर तिची पाटी तरंगत होती आणि पाटीशेजारी टॉवेल सुटलेला केसांचा अंबाडा.

एस्पेरांसानं पाटी टाकून झेप घेतली, अंबाडा मुठीत धरला आणि वर खेचला. यशोदा वर आली ती पाणी थुंकत आणि शिव्या देत.

"केस सोड! मेल्यानो, केस सोडा!"

"सोडलंय तर परत जाशीत!"

बायकांनी दोघींना ओढून उंचवट्यावर आणलं. यशोदा खोकत बसली. तिसऱ्यांची तिची पाटी लांब वाहत गेली होती. एस्पेरांसा परत त्या जागी गेली, या वेळी सांभाळून, पाय चाचपत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल टाकायला गेली आणि तिथे खाली काहीच नव्हतं. पाठीची कड सुरीनं कापावी तशी सरळ कापलेली होती. हात भिंतीला लावावा तसा तिनं आपल्या पायाचा तळवा त्या वाळूच्या भिंतीला लावला, आणि वरची वाळू सुळकन आत ढासळली.

बायका ओल्या कपड्यांनी तशाच रॅम्पवर गेल्या. आदल्या भरतीला आलेल्या होड्या रिकाम्या होत होत्या. मॅन्युएल कमरेला फडकं गुंडाळून पाटीनं वाळू टाकत होता. त्याच्या खांद्यांना, कोपरांना वाळूनं सोललं होतं. बायकोला बघून त्यानं हात थांबवला नाही, पण मान खाली घातली. एस्पेरांसाला त्यावरूनच कळलं.

"पाठीक कोणी हात लावलो?" ती म्हणाली.

धनेश खुर्चीवर बसला होता. पायात बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. तो उठला नाही.

"काकी, खाडी सरकारची. परवानो माझ्याकडे आसा."

"परवानो मुखाकडचो आसा ना? सगळ्या वाडयेक ठावक आसा. हय कशाक काढतास?"

"थंय चिखल मिसळलेली वाळू. ती कोण घेता? घर बांधतले ते साफ वाळू मागतत."

"यशवदा बुडान मेली आसती."

"मग उथळ पाण्यात जावा." धनेश हसला आणि मॅन्युएलकडे वळून म्हणाला, "ए मानू, तुझ्या बायलेक आवर रे वायच. डंपर खोळंबलेत."

रॅम्पवरचे दोघेतिघे हसले. मॅन्युएलनं पुढची पाटी उचलली आणि टाकली. एस्पेरांसा फिरली. तिला खड्ड्याचा राग आला होता, पण घरी जाताना तिच्या डोक्यात खड्डा नव्हता. गणपत होता तेव्हा हाच पोरगा मानूकाका, मानूकाका करत त्यांच्या पडवीत उकडलेले खुबे खायला बसायचा.

संध्याकाळी तिनं नेहमीसारखं तेल कढवलं. नेहमीसारखा बोळा पिळला.

"तो तुका मानू म्हणालो," ती म्हणाली.

"कोण? माका काय आयकाक नाय."

"ए मानू म्हणालो."

"कानात तेल आसा माझ्या."

"तेव्हा नव्हता."

मॅन्युएल दुसऱ्या कुशीवर वळला. भिंतीकडे बघत म्हणाला, "माका वाटला वायचसा काढूया, पाठ काय संपता? सगळेच काढी होते. मगे एक दिवस बांबू मारलंय आणि बांबू थेट खाली गेलो."

"तेव्हाच सांगूचा होतास."

"सांगून काय करतली होतंस?"

दुसऱ्या दिवशी एस्पेरांसानं मागच्या कुळागरातली वठलेली पोफळ तोडवून घेतली, उभी चिरली आणि खुंटे केले. वाडीतल्या बायकांनी जुन्या साड्यांच्या चिंध्या आणल्या. पुढच्या सुकतीला त्यांनी पाठीच्या भोवती रांगेनं खुंटे मारले, त्यांच्या टोकांना लाल, पिवळ्या, मोरपंखी चिंध्या बांधल्या. लांबून बघणाऱ्याला खाडीत कुणाचं लग्न आहे असं वाटलं असतं. खुंट्यांच्या आत होडी आणायची नाही, असं त्यांनी आपापल्या नवऱ्यांना जेवताना सांगून ठेवलं.

दोन दिवस खुंटे राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी खाडी मोकळी होती. एस्पेरांसा रॅम्पवर गेली. तिथे तीन दगडांच्या चुलीवर कामगारांचा चहा उकळत होता आणि चुलीत पोफळीचे खुंटे जळत होते. एकाला अजून मोरपंखी चिंधी होती.

"येवा काकी, चाय घेवा," धनेश म्हणाला.

सगळे तिच्याकडे बघत होते. एस्पेरांसानं कप घेतला, उभ्यानं फुंकून फुंकून सगळा चहा प्याला आणि कप खाली ठेवला.

"चाय बरी झाली," ती म्हणाली. "पोफळ सुकी होती म्हणान."

ती परत आली ती थेट यशोदेकडे. यशोदा तांदूळ निवडत होती.

"यशवदे, खुंटे जाळले तेंनी."

"मगे? दुसरे मारूया?"

"लाकडाचे नको. जळतत. आपणच रवया उभ्या."

यशोदेनं सूप खाली ठेवलं. "माका पवाक येणा नाय, ह्या तुका ठावक आसा मां?"

"तुका मधी, सगळ्यांत उंचार उभी करतंय."

अमावास्येच्या सुकतीला वाडीतल्या सगळ्या बायका पाठीच्या कडेनं ओळीत उभ्या राहिल्या. मधल्या उंचवट्यावर यशोदा, तिच्या शेजारी लक्ष्मीकाकू, हातात छत्री, कारण त्यांना ऊन सोसत नव्हतं. कुणी डबा आणला होता, कुणी पानाची चंची. होड्या नेहमी बायका परतल्यावर, सुकती संपता संपता येत, वाळू भरत आणि लागलेल्या भरतीबरोबर आयत्याच रॅम्पकडे जात. त्याप्रमाणे त्या आल्या. पुढे मॅन्युएलची होडी, मागे शंकरची, मग बाकीच्या.

मॅन्युएलनं वल्हं पाण्यात धरून होडी थांबवली. समोर, दोन वल्ह्यांच्या अंतरावर, बायको गुडघाभर पाण्यात उभी होती.

"काय गो ह्या?"

"खुंटो."

होडीतले गडी हसले. शंकर मागून ओरडला, "यशवदे, घराक जा! जेवाण कोण करतला?"

"डब्बो आणलाहा माझ्यापुरतो," यशोदा ओरडली. "तू वाळू खा!"

आता दोन्हीकडचे हसले. थोडा वेळ थट्टा चालली. कुणी कुणाच्या सासूचं नाव काढलं, कुणी होळीला अजून अवकाश आहे म्हणालं. मग भरती लागली. पाणी हळूच चढू लागलं. गुडघ्यावरून मांडीवर आलं, गाऊन पाण्यात फुगले. बोलणं कमी झालं. पाणी थंड होतं आणि खालची वाळू तळव्यांखालून सरकत होती. एस्पेरांसा अधूनमधून पाय बदलून घट्ट रोवत होती. पिंढऱ्यांत गोळे येत होते, पण तिनं चेहऱ्यावर दाखवलं नाही.

रॅम्पवरून डंपरचे हॉर्न वाजायला लागले. शेवटी धनेश स्वतः एका होडीत बसून आला. बूट भिजू नयेत म्हणून त्यानं पाय फळीवर वर घेतले होते.

"ह्यो काय खेळ? भरती वाया जातली. होडयो फुडे घेवा."

कोणी होडी हलवली नाही.

"मानू!" धनेश ओरडला. "तुका सांगतंय मी. तुझ्या बायलेक उचल आणि होडयेत घाल. ती गेली की बाकीच्यो जातले."

पाणी एस्पेरांसाच्या कमरेला लागलं होतं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. मॅन्युएलनं डोकं एका बाजूला कलतं केलं, कानात पाणी गेल्यावर करतो तसं, आणि हाताचा पंजा कानामागे धरला.

"काय म्हणालंस?"

"बायलेक उचल!"

"आयकाक येणा नाय रे माका. तुझीच वाळू काढून काढून कान गेले. वायच मोठ्यान बोल."

"अरे बायलेक—"

"आणि पयलो शब्द काय होतो तो परत सांग. मानू की मानूकाका?"

मॅन्युएल वाकला, होडीच्या पुढच्या टोकाचा, नाळेतला नांगर उचलला आणि पाण्यात सोडला. दोरी सरसर गेली आणि ताठ झाली. मग तो होडीच्या काठावरून उतरला, कंबरभर पाण्यातून चालत आला आणि बायकोच्या शेजारी उभा राहिला. त्याचे खांदे शहारले होते.

"थंड आसा गो," तो हळूच म्हणाला.

"आता कळला?" एस्पेरांसा म्हणाली. पण तिनं पाण्याखाली त्याचा हात धरला, आणि तो एवढा खरखरीत झाला होता की तिला क्षणभर तो ओळखूच आला नाही.

मागे शंकरचा नांगर पडल्याचा आवाज आला. मग तिसऱ्याचा. एकेक करून होड्या बायकांच्या पुढ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

धनेश उभा राहिला, त्यामुळे होडी डुचमळली आणि त्याचे बूट भिजलेच. "मी भायरसून होडयो आणीन. दुसरे गडी आणीन. तुमका काय वाटला?"

"हाड," मॅन्युएल म्हणाला. "रॅम्प कोणाच्या वाडयेतसून गेलो? लक्ष्मीकाकूच्या मळ्यातसून. विचार तिका."

छत्रीखालून लक्ष्मीकाकू म्हणाल्या, "माझे दोन माड उभे करून दी आणि मगे जा मळ्यातसून."

"खाली मुखाकडे काढ वाळू," मॅन्युएल म्हणाला, आता आवाज खाली आणून. "आमी काढून देतंव. चिखल धुवक वेळ लागतलो, खेपा कमी होतले, माका ठावक आसा. पण हय नाय. तुझो बापूस आसतो तर तो पण हयच उभो रवलो आसतो, आणि तुका माझ्यापेक्षा वायट बोललो आसतो."

डंपरचे हॉर्न वाजत होते. धनेशनं तिकडे बघून हात हलवला, परत जा, अशा अर्थानं, आणि मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "उद्यापासून मुखाकडे. पण वाळू धुवन होई माका, मानूकाका."

बायकांनी जो गलका केला तो पलतडच्या काठापर्यंत गेला. यशोदेनं हात वर केले आणि तिचा डबा पाण्यात पडला. तो शंकरनं बुडी मारून काढला.

मुखाकडचं काम सोपं नव्हतं. तिथे लाटेचा जोर, वाळूत गाळ, दोनदा धुवावी लागे. मॅन्युएलच्या खेपा निम्म्यावर आल्या. दोन होडीवाले कंटाळून दुसऱ्या खाडीत निघून गेले आणि जाताना बायकांना बोल लावून गेले. माघात मॅन्युएलनं एक दिवस आड वाळू आणि एक दिवस आड जाळी असं सुरू केलं. जाळ्यात फारसं मिळत नसे, पण त्याचे कान ठणकायचे थांबले.

पाठ मात्र तशीच होती, कापलेली आणि रिकामी. फाल्गुनात बायका पडवीत जमल्या तेव्हा एस्पेरांसा म्हणाली, "ह्या वर्षी कोणी पाठीवर जावचा नाय. आसत ते रवांदेत."

"आणि नसतले तर?" यशोदेनं विचारलं.

"तर आणून घालूया."

खाडीत वर, जिथे पाणी वळण घेऊन मंदावतं, तिथे बारक्या तिसऱ्यांचा खच असे. नखाएवढ्या, खायला निरुपयोगी, दाटीवाटीनं वाढ न होता तशाच मरून जाणाऱ्या. चैत्रात मॅन्युएलनं होडी काढली. धनेशच्या रॅम्पवरची वाळू चाळायची चाळण त्यानं मागून आणली, आणि धनेशनं, कशाला हवी, एवढंही न विचारता दिली. बायकांनी गुडघाभर गाळात बसून चाळून चाळून बारक्या तिसऱ्या पाट्यांत भरल्या. अंगाला गाळाचा वास आला, डास चावले, लक्ष्मीकाकूंचा एक पाय असा रुतला की तिघींनी मिळून काढला आणि चप्पल आतच राहिली.

भरलेली होडी पाठीवर आली तेव्हा सुकती होती. मॅन्युएल म्हणाला, "आता काय करूचा? लावणी की पेरणी?"

"पेरणी," एस्पेरांसा म्हणाली.

"थांबा, थांबा," शंकर म्हणाला. "असाच कसा? गाऱ्हाणा घालूक होया."

तो पाठीवर नारळ घेऊन उभा राहिला, घसा खाकरला आणि सुरू झाला. "बा देवा म्हाराजा! आज ह्यो सगळो मेळो तुझ्या खाडयेत उभो आसा…"

"होय म्हाराजा!"

"आमी लेकरां चुकलंव, पाठ फोडलंव, तां पोटात घाल…"

"होय म्हाराजा!"

"ह्यो जो दाणो आमी टाकतंव, तो वाढांदे, दामदुप्पट होवंदे, आणि जो कोण हय पाटी बुडवीत, तेचो बांबू मोडांदे…"

"होय म्हाराजा!"

एस्पेरांसानं कपाळ-छाती-खांदे असा क्रूस केला आणि सगळ्यांत मोठ्यानं होय म्हाराजा म्हणाली. नारळ फुटला. मग बायका ओळीनं पुढे सरकत मूठमूठ तिसऱ्या पाण्यात फेकू लागल्या. त्या पडताना गारा पडल्यासारखा आवाज होत होता. मॅन्युएल होडी त्यांच्या मागून ढकलत नेत होता आणि पाट्या भरून देत होता. ऊन डोक्यावर आलं तेव्हा होडी रिकामी झाली होती आणि सगळ्यांच्या हातांना शिंपल्यांच्या धारेनं बारीक चिरा पडल्या होत्या.

त्या पावसाळ्यात खाडीला दोनदा पूर आला. लाल पाणी पडवीच्या पायरीपर्यंत चढलं. चतुर्थी झाली, नवरात्र झालं, पाणी निवळलं. विहिरीचं पाणी पावसानं गोडं झालं होतं. ते किती दिवस टिकेल हे उन्हाळ्यात कळणार होतं. कोजागिरीच्या उधाणाला सुकती खूप मागे गेली, तशी एस्पेरांसा, मॅन्युएल, यशोदा आणि बाकीच्या होडीतून निघाल्या. पाठीच्या जागी पोचल्या.

खड्डा भरला होता, पण पाठही राहिली नव्हती. पुरानं तिचा माथा वाहून नेला होता आणि सगळं सपाट, गाळमिश्रित झालं होतं. एस्पेरांसा उतरली. टाच फिरवली. पुढे गेली, परत फिरवली. मूठभर तिसऱ्या निघाल्या, जास्त नाही.

"गेले," यशोदा म्हणाली. "एवढा गाऱ्हाणा घालून गेले."

एवढ्यात पलीकडून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. पलतडच्या काठाला, जिथे पूर्वी खोल पाणी होतं, तिथे वाळूचा नवाकोरा, पांढराशुभ्र उंचवटा वर आला होता. त्यावर पलतडच्या वाडीतल्या बायका वाकून तिसऱ्या काढत होत्या. पाट्या शिगोशीग भरलेल्या. त्यांतली अनुजा, नवीन लग्न होऊन आलेली, हात हलवून ओरडली, "बघलास काय? ह्या वर्षी देवान दिल्यान! आमच्या सासूच्या जन्मात इतके गावले नव्हते!"

अलतडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आधी मॅन्युएलला हसू आलं. तो दाबायला बघत होता, पण ते पोटातून आलं, आणि तो होडीच्या फळीवर बसून असा हसला की होडी डोलायला लागली.

"हसतंस काय मेल्या!" यशोदा संतापली. "ते आमचे! आमी पेरलंव!"

मग एस्पेरांसाही हसली. "चल, होडी घे थंय," ती म्हणाली.

पलतडला होडी लागली तशी यशोदा उभी राहूनच भांडायला लागली. चैत्र, चाळण, डास, गाऱ्हाणं, सगळं एका दमात. अनुजेनं कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

"तेंच्यार नाव लिवलेला आसा काय तुमचा?"

"तेंच्या तोंडार बघ, आसतला!"

पलतडच्या बायका खो खो हसल्या. यशोदेलाच आपल्या बोलण्याचं हसू फुटलं. अनुजेची सासू पुढे आली, तिनं एस्पेरांसाचा हात धरून तिला वाळूवर उतरवून घेतलं. "पुरान आणून टाकल्यान तां सगळ्यांचा. उतरा गो खाली. आमंत्रण होया काय?"

बायका उतरल्या. एस्पेरांसाची टाच वाळूत फिरली आणि लगेच थांबली. आंगठा, मग ओंजळ. तिसऱ्या मोठ्या होत्या, फुगीर, पट्टे उमटलेल्या. तिनं बारक्या निवडून परत पाण्यात टाकल्या.

"त्यो कित्याक टाकतास?" अनुजेनं विचारलं.

"बारके सोडूचे. फुडल्या वर्षाक."

अनुजेनं आपल्या पाटीत बघितलं. थोडी कुरकुर करत तिनंही बारक्या वेचून टाकल्या. मग विचारलं, "फुडच्या वर्षी परत पेरतलास काय?"

"चैत्रात."

"आमका हाक मारा. आमच्याकडे दोन होडयो आसत."

"आणि पूर इलो नि सगळे परत आमच्याकडे गेले तर?" यशोदा म्हणाली.

अनुजा वाकून पाण्यात हात घालत म्हणाली, "तर आमी थंय येतलंव. एकशिपी करून ठेवा."